कार्तिकातला सकाळचा वारा

दिवाळी सरली, तुळशीचं लग्न लागलं, तरी थंडीचा पत्ता नव्हता. आणि म्हणे लोक लांबलांबून हवा खायला मुंबईला येतात! कांताला या हवेचा नुसता वैताग आला होता.

तिच्या नवऱ्याची, सीतारामची छाती गिरणीतल्या कापसाच्या धुळीनं भरली होती. डॉक्टरांनी समुद्राची हवा सांगितली. महिन्यात उतार नाही पडला, तर इस्पितळात टाकावं लागेल. समुद्र वरळीच्या त्यांच्या चाळीपासून हाकेच्या अंतरावर. पण कांताचीही गिरणीत दुपारपाळी. म्हणून रोज सकाळी धुणी, स्वयंपाक सगळं टाकून ती त्याला बांधावर नेऊन बसवी आणि स्वतः शेजारी बसे.

पंचवीस दिवस झाले, खोकला वाढतच होता. तिचं कशात चित्त लागेना. कधी डॉक्टराला शिव्या घाली, कधी नवस बोले. बांधावरून उठताना त्याच्या सदऱ्यावर काजळीचे कण दिसत, ते ती चाळीतल्या चुलींच्या नावानं झटकून टाकी. तिचा जन्म चिंचपोकळीतला. समुद्र तिला गणपती बोळवण्यापुरताच ठाऊक.

मग संयुक्त महाराष्ट्रासाठी समितीनं बंद पुकारला, गिरण्या थांबल्या. दुपारपाळी नाही, म्हणून त्या दिवशी ती त्याला पहिल्यांदाच संध्याकाळी घेऊन गेली. आणि वारा थेट तोंडावर आला. खारट, ओला. पदर मागे उडाला.

रोज सकाळी पदर पुढे उडायचा.

तिनं मागे वळून पाहिलं. परळच्या गिरण्यांची धुराडी ओळीनं उभी होती, आज थंडगार. म्हणजे सकाळचा वारा तिकडून यायचा. महिनाभर तिनं त्याला समुद्राच्या नावाखाली गिरण्यांचा धूर पाजला होता! पण सीताराम तर मालवणचा, दर्याकाठी वाढलेला.

“तुमाला ठाऊक होतं?”



“कार्तिकात सकाळचो वारो जमिनीवरसून येता, ह्या माका कळाचा नाय?” सीताराम म्हणाला. “पण सांगितलं असतं, तर तू परत चुलीपुढे बसली असतीस. लग्नाला नऊ वर्सां झाली. एक घटका तरी तू माका गावत होतंस.”

ती अशी चिडली की तोंडाला येईल ते बोलली. जीव स्वस्त झालाय का, मला विधवा करायला निघालात का, सगळं. बोलता बोलता रडू फुटलं. नऊ वर्षं दोघांच्या पाळ्या उलट्या. तो यायचा तेव्हा ही निघायची. त्याचं खोटंही नव्हतं, मेलं.

“उद्यापासून सकाळी खिडकी लावून घरातच बसायचं,” डोळे पुसून ती म्हणाली. “मी शेजारी बसेन, चूल उशिरा पेटली तरी चालेल. पण संध्याकाळी इथं यायचं. माझ्यावाचून.”

त्यानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी लावली, ती त्याच्याजवळ बसली. दुपारी कामावर गेली. पाच वाजले तसं तिचं लक्ष उडालं. तो निघाला असेल का, की आपण नाही म्हणून खाटेवरच पडून असेल? धागा तुटत होता, ती जोडत होती, पुन्हा तुटत होता. आणि विचारायला पाळी सुटेपर्यंत कुणीच नव्हतं.