सात नंबरचा खुलासा

तिनं पिशवीत हवा भरली, बूच आवळलं आणि पिशवी टाकीतल्या पाण्यात दाबली. मानेजवळच्या सांध्यातून एक बुडबुडा निघाला, सावकाश वर आला, फुटला. मग दुसरा.

"दिसलं?" साहेब म्हणाले.

"दिसलं."

साहेबांनी टेबलावर खोका ठेवला आणि त्यातली चिठ्ठी काढून खोक्याशेजारी ठेवली. चिठ्ठीवर तारीख, आणि सात. सात म्हणजे ती. शेकायच्या रबरी पिशव्यांच्या या कारखान्यात अकरा वर्षं ती तपासणीच्या टेबलावर होती. जी पिशवी तपासायची, तिच्या खोक्यात आपल्या नंबराची चिठ्ठी घालायची, असा नियम. अकरा वर्षांत सात नंबरची एकही पिशवी परत आली नव्हती.

सोबत एक पत्र होतं, कुणा निवृत्त मास्तरांचं. बायकोच्या कमरेला फोड आले, आता बरं आहे, इतरांच्या बाबतीत कृपया लक्ष द्यावं. त्यापेक्षा मास्तरांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"उद्या सकाळी लेखी खुलासा द्या, बाई. शनिवारी कायम करायच्यांची यादी लागतेय. तुमचं नाव आहे तीत. आत्तापर्यंत तरी आहे."

*

चिठ्ठीवरच्या त्या दिवशीची दुपार, तिला आठवली तशी:

मुलीच्या शाळेतून निरोप आला, ताप आहे, न्यायला या. शेजारच्या टेबलावरच्या मावशी म्हणाल्या, "जा गं तू. तुझं टेबल मी बघते." मावशी म्हणजे आठ नंबर, तीस वर्षांची नोकरी, निवृत्तीला पाच महिने. साडेतीनला ती निघाली. चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर तिच्या वाटच्या पिशव्या तपासून झालेल्या. म्हणजे मावशींनी तपासल्या आणि सात नंबरच्या चिठ्ठ्या घातल्या. दुसरं काय असणार?

*

कागद पहिला. "त्या दिवशी साडेतीननंतर मी टेबलावर नव्हते. माझ्या जागी आठ नंबर"

इथं पेन थांबलं.

"घाल की नाव," मटार सोलत बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "मागं आपल्याकडे आली होती, तेव्हा कॅलेंडरला आरसा समजून केस सारखे करत होती ती."

"आई, काहीतरीच!"

"काहीतरीच काय? ताटातला खडा दिसत नाही, तिला पाण्यातला बुडबुडा दिसणार?"

ती हसली. हसायला नको होतं, पण हसली. म्हणालीसुद्धा, "चष्मा जाड झालाय खरा त्यांचा."

नवरा रंगारी होता. दाराशी बसून ब्रश धूत होता. "पाच महिने राहिलेत त्यांचे," तो म्हणाला. "आत्ता डाग लागला तर तीस वर्षांवर बोळा फिरेल."

"आणि माझ्या अकरा वर्षांवर?"

त्यानं डब्यात ब्रश घोळवला.

कागद दुसरा. "त्या दिवशी साडेतीननंतर मी टेबलावर नव्हते. माझ्या जागी कोण होतं ते मला माहीत"

"मग साहेब विचारतील," नवरा म्हणाला, "की चिठ्ठ्या काय वाऱ्यानं घातल्या?"

कागद तिसरा. "ती पिशवी मीच तपासली होती. चूक माझी आहे."

हा तिनं मोठ्यानं वाचला. सासूबाईंचा अंगठा शेंगेतच थांबला.

"खोटं लिहिलंस की गं," त्या म्हणाल्या. मग, "पण असलं खोटं लिहायला छाती लागते."

नवऱ्यानं हात पुसले, डाग पडू नये म्हणून कागद कडेनं धरला, दोनदा वाचला आणि घडी घालून तिच्या पर्समध्ये ठेवला. त्या संध्याकाळी पाणी त्यानंच भरलं. न सांगता.

*

"मग या वर्षी जमणार नाही, बाई," साहेब म्हणाले.

"बरं."

केबिनमधून बाहेर पडताना तिला हलकं वाटलं. खरं तर उंच वाटलं.

जेवणाच्या सुट्टीत मावशी डबा घेऊन शेजारी येऊन बसल्या. "काय गं, कसला खुलासा लिहून दिलास म्हणे?"

"तुम्ही काळजी करू नका, मावशी. मी तुमचं नाव घेतलेलं नाही."

"माझं? माझं कशाला घेशील?"

तिनं आवाज खाली आणला. "पोरीला ताप आला त्या दिवसाची पिशवी आहे. साडेतीननंतर तुम्हीच तपासल्यात ना? माझ्या चिठ्ठ्या घालून..."

मावशींनी डब्याचं झाकण उघडलं होतं, ते परत लावलं.

"तुझ्या चिठ्ठ्यांना मी हात लावला नाही. तपासणार मी आणि नंबर तुझा? उद्या एखादी फुटली तर तुझ्या गळ्यात! शोभलं असतं का? सगळ्यांत आठच घातला. तुझा गठ्ठा होता तसा खणात ठेवला."

"मग माझा त्या दिवसाचा पिशव्यांचा आकडा?"

"कमी भरला. साहेबांना तेव्हाच सांगितलं मी, पोर आजारी आहे, तिला घालवलंय. ते म्हणाले, बरं."

"मला नाही बोललात कधी."

"तू विचारलंस कधी?" मावशी तिच्याकडे बघत राहिल्या. "आणि तुला वाटलं, म्हातारीला दिसलं नसेल. होय ना?"

तिनं आपला डबा बाजूला सरकवला.

"बुडबुड्याला डोळे लागतात, कबूल. पण पाण्यातून काढली की मी पिशवी गालाला धरते. हवा जात असली तर गालाला कळतं." मावशींनी झाकण पुन्हा उघडलं. "घे, जेव. पोट कशाला उपाशी ठेवतेस?"

*

त्या दिवशीची दुपार, पुन्हा:

शाळेतला निरोप साडेतीनला आला नव्हता. पावणेदोनला आला होता. पण तिकडची बस पावणेचारची. तोवर होईल तेवढा आकडा भरून काढावा म्हणून ती टेबलावरच बसली. टाकीच्या वर भिंतीवर घड्याळ. दोन. दोन वीस. तीनला पाच कमी. काटा कुठं कुठं होता ते सगळं तिला आठवत होतं. पाणी आठवत नव्हतं. त्या पावणेदोन तासांतली एकही पिशवी आठवत नव्हती.

ती साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"साहेब, तो कागद जरा बघू?"

तिनं वाचला. ती पिशवी मीच तपासली होती. चूक माझी आहे.

"काही बदलायचंय?"

तिनं पुन्हा वाचला. एक अक्षर बदलायला जागा नव्हती.

"नाही," ती म्हणाली आणि कागद परत दिला.

*

घरी आली तर सासूबाई खुशीत होत्या. "शेजारच्या काकू येऊन गेल्या. म्हणाल्या, अशी सून दिवा घेऊन शोधली तरी मिळायची नाही. नाहीतर ती आंधळी मावशी, दुसऱ्याच्या जिवावर उठलेली!"

"काकूंना कुणी सांगितलं?"

नवरा ओशाळून हसला. "सकाळी नळावर विषय निघाला. चांगलंच सांगितलं की."

तिनं अजून चपला काढल्या नव्हत्या.

"ती पिशवी माझीच होती, आई."

"तेच तर लिहिलंस ना?"

"लिहिताना मला ते खोटं वाटत होतं." मग तिनं चिठ्ठ्यांचं सांगितलं, आठ नंबरचं, घड्याळाचं. उभ्या उभ्याच. सासूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, त्यांनी ते सोडून दिलं.

"पण आता काय फरक पडतो?" नवरा म्हणाला. "यादीतलं नाव तर दोन्हीकडून गेलंच."

"माझ्या नावाचं नाही म्हणत मी."

तो म्हणाला, "उद्या सांगतो काकूंना. हळूच. तू नको जाऊस."

"उद्या आठ वाजता त्यांची सून पॅकिंगच्या टेबलावर असेल. दुपारपर्यंत कारखानाभर होईल, मावशींना दिसत नाही म्हणून. मग पाच महिने काय, पाच दिवस ठेवणार नाहीत त्यांना."

शेजारचं दार उघडंच होतं. काकू पोळ्या लाटत होत्या. सून मुलाचे केस विंचरत होती. दोघी एकदमच हसल्या.

"ये, ये! तुझंच चाललंय. बस, चहा टाकते."

"बसत नाही, काकू."

"अगं, बस गं! तुझ्यासारखं माणूस दारात उभं राहिलेलं बरं दिसतं का?"

काकूंनी लाटणं बाजूला ठेवलं होतं आणि त्या तिच्याकडे बघत होत्या. असं तिच्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं. आणखी थोडा वेळ त्यांनी असंच बघत राहावं असं तिला वाटलं, आणि तेवढा वेळ तिनं घेतला.

मग ती सुनेकडे वळली.

"तो कंगवा ठेव जरा खाली," ती म्हणाली. "तूही ऐक."