गुलाबरावाचं गवत

“तुमची खोड कोणती हाय, थे सांगा आधी,” गुलाबराव मुलाखतीला पडद्यावर आलेल्या साहेबाला म्हणाला, आणि ग्रामपंचायतीत बसलेल्या आम्हा सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

त्याचा तरी काय दोष? मोताळ्याच्या बाजारात बैलांचे सौदे करण्यात त्याचा जन्म गेला. तिथं खोड विचारल्याशिवाय कुणी कासऱ्याला हात लावत नाही. आता तो गावच्या चराईच्या जमिनीवर, ई-क्लासवर, राखणदार होता. परदेशातल्या एका संस्थेनं तिथलं गवत तणमोर नावाच्या पक्ष्यासाठी राखायला घेतलं होतं. तीन वर्षं गुलाबरावानं एक शेळी आत जाऊ दिली नाही. त्याची हाक ऐकून पळालेली शेळी थेट मलकापूरच्या स्टेशनावर थांबे, असं मी सांगतो. लोक निम्मं धरतात. पण पक्षी कुणालाच दिसला नव्हता, गुलाबरावालाही नाही. म्हणून काम तपासायला सल्लागार नेमायचा होता. त्याला पक्षी दिसला तर गवत राहणार, नाही तर जमीन पुन्हा शेळ्यांना मोकळी. निवडीत एक मत गावाचं होतं, ते गावानं गुलाबरावाला दिलं.

पहिल्या दोन उमेदवारांनी आपल्यात खोडच नाही म्हणून सांगितलं, वर न पाहिलेल्या गवताची तारीफ केली. तिसरी अकोल्याची पुष्पांजली वानखडे. तिनं खोड सांगितली.

“जे दिसलं नाही, ते मला लिहिता येत नाही. म्हणून एकदा बोलावतात ते पुन्हा बोलावत नाहीत.”

“याच बाई पायजे,” गुलाबराव म्हणाला.

“काऊन बे?” सरपंच माणिकराव त्याच्या कानाशी लागले. “पह्यला गोड लिहून देत होता ना. हे बाई तुह्यं गवत घालवीन.”

“गोड बोलणाऱ्याचा बैल म्या कधी घेतला नाही, भाऊ.”

संस्थेची मतं निम्मी निम्मी झाली होती. गुलाबरावाच्या मतानं बाई नेमल्या गेल्या.

श्रावणात त्या आल्या. रोज सकाळी बांधावर बोरीच्या आडोशाला बसत, इतक्या निश्चल की एका सरड्यानं त्यांच्या टोपीवर संसार मांडला. पक्षी काही दिसेना. शेवटच्या सकाळी आम्हीही मागं जाऊन बसलो. नेमक्या तेव्हाच पलीकडच्या टोकाला माणिकरावांच्या शेळ्या आत घुसल्या. हाक मारावी तर सगळं रान उठलं असतं. गुलाबराव जन्मात पहिल्यांदा न ओरडता, वाकून वाकून तिकडं गेला.

आणि गवतातून तो उठला. काळा कुळकुळीत, कोंबड्याएवढा, डोक्यामागं तुऱ्याच्या काड्या. सरळ वर गेला, क्षणभर हवेत टांगल्यासारखा राहिला आणि गवतात गडप झाला. पुन्हा उठला. पुन्हा. यात मी पदरचं काही घातलेलं नाही. घालायला जागाच नव्हती. माणिकरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. खिशातला मोबाइल कुणाला आठवला नाही.

शेळ्या बाहेर काढून गुलाबराव परतला, तेव्हा समोर नुसतं गवत होतं. त्यानं आमचे चेहरे पाहिले.

“दिसला?”

“दिसला,” बाई म्हणाल्या. “एक. तेवढंच लिहीन.”

“मंग गवत राह्यलं.” त्यानं काठी बगलेत धरली. हळूच विचारलं, “कसा उडते बाई थो?”

माणिकराव हातानं दाखवू लागले, त्यांना जमेना. मग बाईंनी चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली, आणि बांधावर दोन्ही हात पसरून उंच उडी मारली. कुणी हसलं नाही.

गुलाबरावानं डोळ्यांवर हाताची सावली धरली.

“आखीन एकदा,” तो म्हणाला.