शुक्रवारचा उजेड

दोन दिवे, दोन स्टँड, दोन पांढऱ्या छत्र्या. दीपेश खोक्यातून एकेक वस्तू काढत होता आणि कमळ मनातल्या मनात फायदा मोजत होती. गल्लीतल्या निम्म्या घरांतल्या बाया पुरुष फोटोग्राफरपुढे उभ्या राहत नाहीत. पण पासपोर्ट त्यांनाही हवा, रेशनकार्डावर फोटो हवा, पोरीच्या सोयरिकीला तर हवाच हवा. आणि अख्ख्या वस्तीत बाई फोटोग्राफर एकच, ती स्वतः. वर्षभरात किट स्वतःची किंमत फेडेल, पुढचं सगळं आपलं.

"ताई, माल देशी हाय, पण इमानदार हाय," दीपेश म्हणाला.

"इमानदार आहे तर पाचशे कमी कर."

"करतो. पण मग परत घेणार न्हाय. आत्ताच बघून घ्या."

कमळने बघितलं. छत्रीखाली दीपेशलाच उभं करून बटण दाबलं. कॅमेऱ्यातला स्वतःचा चेहरा पाहून तो हरखला. "मी एवढा चांगला दिसतो?"

"नाही. माल चांगला आहे."

तिने रोख पैसे मोजले. वळ गावची बापाची जमीन गोदामवाल्याला विकताना भावाने हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या घेतल्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातात एक साडी आणि एक पाकीट ठेवलं होतं. साडी कमळने नणंदेला दिली. पाकीट हे असं उघडलं. त्या जमिनीतलं तिच्या वाट्याला आलेलं ते एवढंच.

वार शुक्रवार होता. भिवंडीत लूमची, म्हणजे यंत्रमागांची, सुट्टी शुक्रवारी. उभा जन्म लूमच्या खडखडाटात काढलेली बाई, व्यवहारात कुणाला न हरणारी, नेमक्या त्या दिवशी दिवे पारखून बसली.

शनिवारी सकाळी भिंतीपलीकडच्या शेडमधल्या लूम सुरू झाल्या आणि दिवे पिवळे पडले. शेडची आणि घराची वायर एकाच खांबावरून आलेली; लूम चालल्या की घरातलं व्होल्टेज पडायचं. एक फ्लॅश उडायचा, दुसरा उडायचाच नाही. फोटोत माणूस अर्धा उजेडात, अर्धा अंधारात. दीपेशला फोन केला तर तो म्हणाला, "स्टॅबिलायझर घ्या ना, ताई." किंमत ऐकून कमळने फोन ठेवला.

शेडचे मालक खुर्शीदभाई जाता-येता दारात थांबायचे. "काय कमळबाय, स्टुडिओ काढलास की समई लावलीस?"

"तुमच्या लूमना जरा दम खायला सांगा, मग बघा."

"लूम दम खायला लागल्या तर आम्ही काय खायचं?"

बुधवारी दुपारी तेच खुर्शीदभाई दारात आले, या खेपेला चप्पल काढून. मागे त्यांची मुलगी अमरीन, नव्या ड्रेसमध्ये. तिच्यासाठी बघितलेल्या मुलाचा मामा रात्रीच्या विमानाने कुवेतला चालला होता. मुलगा तिकडेच, तेव्हा फोटो मामाबरोबरच जायला हवा.

"बाजारात सगळे बाप्ये फोटोग्राफर. तिथं कशी न्यायची? तूच काढ."

कमळने दिवे लावले. छत्र्या हळदीसारख्या पिवळ्या झाल्या. तिने कॅमेरा खाली ठेवला.

"असाच काढ गं, चालेल."

"काढते. अर्धा चेहरा दिसेल. उरलेला अर्धा तुम्ही फोनवरून समजावून सांगा."

"मग काय करू म्हणतेस?"

"अर्धा तास लूम बंद करा."

खुर्शीदभाई हसले. कमळ हसली नाही. अमरीन जमिनीकडे बघत म्हणाली, "अब्बा, करा ना."

ते उठून गेले. थोड्या वेळाने सगळा खडखडाट एकदम थांबला. "लाइट गेली का?" म्हणत बायका दारात आल्या. इकडे छत्र्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या. कमळने अमरीनची ओढणी सारखी केली, हनुवटी जराशी उचलली. "कुवेतकडे बघ," ती म्हणाली. अमरीनला हसू फुटलं, आणि तेवढ्यात दोन्ही फ्लॅश उडाले.

कॅमेऱ्यातला फोटो खुर्शीदभाईंनी बघितला. मग म्हणाले, "दर बुधवारी याच वेळेला अर्धा तास बंद ठेवीन. मोहल्ल्यातल्या पोरींसाठी. दुवा लागेल मला."

कमळने त्यांच्याकडून फोटोचे पुरते पैसे घेतले. दुवा आणि दर तिने कधी एकत्र केले नाहीत.

त्यांना पोचवायला ती बाहेर आली. शेडच्या पायरीवर अय्यूब आणि आणखी तिघे कारागीर बसले होते, केसांत, भुवयांवर कापसाचं पांढरं. अय्यूब उठून उभा राहिला.

"फोटो अच्छा आया, भाभी?"

"छान आला." तिने विचारलं, "तुम लोगों को इस टाइम का पैसा मिलता है?"

"हमारा तो मीटर पे है. जितना कपड़ा, उतना पैसा." तो मालकांकडे न बघता म्हणाला, "कोई बात नहीं. बच्ची का काम हो गया."

त्याने कानात कापसाचे बोळे घातले आणि आत जाऊन मशीनचा दांडा ओढला. मागोमाग बाकीचे.

दीपेशला रोकड मिळाली, खुर्शीदभाईंना दुवा, अमरीनला फोटो, कमळला शुक्रवारच्या जोडीला बुधवार. दर बुधवारी जे कापड विणलं जाणार नव्हतं, त्याची मजुरी मात्र पायरीवरच्या त्या चौघांची बुडणार होती.