गवतावरच्या चादरी

माझ्या बहिणीबद्दल आमच्या तळ्याकाठच्या गावाला एकच गोष्ट ठाऊक होती. बिरिंग जपान्याबरोबर पळाली. जपान्यांनी आमचा देश घेतला त्या युद्धात जन्मलेली पोरं लग्नाला आली, तरी गावाचं तोंड काही बंद होईना.

म्हणून लढाईत उतरलेल्या गावच्या बायकांसाठी शाळेच्या अंगणात दगड उभारायचं ठरलं, तेव्हा मी म्हटलं, आता हा डाग पुसायचाच. जुन्या काळी क्रांतिकारकांना जेवू घालणाऱ्या म्हाताऱ्या तांदांग सोराचं चित्र शाळेच्या भिंतीवर होतंच. त्याच्यासमोर माझ्या बहिणीचं नाव यावं, एवढंच मला हवं होतं.

खरं काय ते मला माहीत होतं, आणि ताईच्या साथीला असलेल्या ओरांगला. बिरिंगताई जपानी छावणीचे कपडे धुवायची. पांढऱ्या चादरी साबण लावून आम्ही उन्हात गवतावर पसरतो, त्याने त्या उजळतात. ताईने उताराला आडव्या पसरल्या तर सैन्य निघणार, उभ्या पसरल्या तर रस्ता मोकळा. समोरच्या टेकडीवरून ओरांग बघायची आणि रानातल्या आपल्या माणसांना कळवायची. शेवटी छावणी हलली तेव्हा जपान्यांनी ताईला बांधून नेलं, ती परत आलीच नाही. गावाने फक्त ट्रकमध्ये बसलेली बाई पाहिली.

मी सख्खी बहीण, माझं कोण खरं मानणार? ओरांगचं सगळे ऐकतात. माझ्या मुलाची, डेल्फिनची, ती धर्ममाता, त्याच्या बाप्तिस्म्यापासून आम्ही एकमेकींना कुमारे म्हणतो. तिचा मुलगा नगराध्यक्षपदाला उभा राहणार होता आणि डेल्फिनला कचेरीत तिनेच चिकटवलं होतं. मी नारळाच्या दुधातला गोड भात घेऊन तिच्याकडे गेले.

"कुमारे, बोलशील ना ताईबद्दल?"

"बोलेन म्हणजे काय, घसा बसेपर्यंत बोलेन. तू फक्त पुढे बस, आणि भोकाड पसरून माझं भाषण बुडवू नकोस."

इकडे डेल्फिन रोज जेवताना विचारायचा, "आई, मावशी कशी होती गं? घाबरायची का?" कधी नव्हे ते पोराने घरच्या माणसाची चौकशी केली. मी वेडी हरखून गेले आणि होतं नव्हतं ते सगळं सांगून बसले.

समारंभाला ओरांग फुगीर बाह्यांचा कडक इस्त्रीचा पोशाख घालून उभी राहिली. म्हणाली, "जपानी छावणीचे कपडे मी धुवायचे."

मला वाटलं, जीभ घसरली असेल. पण ती पुढे बोलतच राहिली. चादरी तिच्या, उतार तिचा. "निघायच्या आधी फार भीती वाटायची," ती म्हणाली, "मग मी कच्चा पेरू चावायचे."

मी जागच्या जागी गार पडले. ताईच्या त्या पेरूचं ओरांगला कुठून कळणार? ते मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं, आणि तो माझ्या पोटचा होता.

दगडावरचं कापड ओढलं. नाव ओरांगचं होतं. बिरिंगचं नव्हतं.

मंडळी भाजलेल्या डुकराच्या टेबलाकडे वळली, तेव्हा मी तिला गाठलं.

"चिडू नकोस, कुमारे," ती हळूच म्हणाली. "मेलेल्या माणसाला मतं मागायची नसतात, माझ्या मुलाला मागायचीत. बिरिंगचं नाव काढलं असतं तर लोकांना आधी तो ट्रक आठवला असता."

"आणि माझ्या पोराला फितवलंस?"

"मी कशाला फितवू? तोच आला, भाषण तयार करून. तुमचा मुलगा निवडून आला तर मला सचिव करा म्हणाला."

ओरांगचा मला राग आला होता. हे ऐकलं आणि रागही उरला नाही, आतून नुसतं रिकामं झालं.

तेवढ्यात डेल्फिन आला. आमच्याकडे लहानांनी मोठ्यांचा हात आपल्या कपाळाला टेकवायचा असतो, तो आशीर्वाद. तो चारचौघांत वाकला आणि त्याने माझा हात धरला. मी तो ओढून घेतला.

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. जा, तुझ्या धर्ममातेचा घे."

मला वाटलं, थांबेल. निदान मान खाली घालून उभा तरी राहील. तो वळला, ओरांगपुढे वाकला, आणि तिचा हात त्याने कपाळाला टेकवला.