सदाशिवाची कावीळ

नार्व्याच्या गंगाबाईंचा मुलगा गौरेश जुगारी झालाय, हे साऱ्या गावाला कळलं ते चवथीला. गणपतीवर फळांची माटोळी बांधायची सोडून तो परसात मोबाईलवर पैसे लावत बसला होता. गंगाबाईंनी स्टुलावर चढून नारळ, सुपाऱ्या, तोरिंगणं स्वतः बांधली आणि पुढच्या आठवड्यात मुलाला नि सुनेला पुढे घालून म्हापशाचा दवाखाना गाठला.

दोतोरीण क्षमा वयाने सुनेएवढीच.

"गोळीनं जुगार सुटतो?" गंगाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ओढ कमी होऊ शकते, आजी. पण सगळ्यांना एकच गोळी लागू पडत नाही, म्हणून इतकं विचारते. घरात कुणाला दारूचं व्यसन होतं? ह्यांच्या वडिलांना?"

"आमच्या घराण्यात?" गंगाबाईंनी पदर सावरला. "देवळाचे महाजन आम्ही. घोव माझा काविळीनं गेला. थेंबाला शिवला नाही."

सून सुविधाने मान डोलावली. सोयरीक जमताना तिलाही हेच सांगितलं होतं. गौरेश मात्र जमिनीकडे बघत राहिला. म्हाळाला मेलेल्याच्या आवडीचं पानाशी ठेवायची रीत. बापाच्या पानाशी आई बारा वर्षं सोलकढी ठेवत आली होती, आणि बारा वर्षं तो गप्प होता.

"मग माझ्या मनात होती ती गोळी नको," क्षमा म्हणाली. "वडिलांना दारूचं व्यसन असलं तर हिचा गुण येण्याची शक्यता जास्त, असं दिसून आलंय. तसं नसेल तर दुसरं बघू." आणि ती लिहायला लागली.

गंगाबाईंनी मुलाकडे पाहिलं. मोबाईल सुनेच्या पिशवीत होता, तरी त्याचा अंगठा गुडघ्यावर सरकतच होता. नवऱ्याचा, सदाशिवाचा हातही असाच सरकायचा, सकाळी डोळे उघडायच्या आधी, खाटेखाली.

"पेन ठेव गो!"

क्षमा थबकली.

"खोड ते नि नीट लिही. सदाशिव, माझा घोव. काजूची फेणी. उजाडल्यापासून. त्यातच गेला."

"आई!" सुविधाने आ वासला. "तुम्ही तर कावीळ म्हणाला होता!"

"कावीळच होती. आली कुठून, ते तुझ्या बापानं विचारलं नाही." मग त्या क्षमाकडे वळल्या. "त्याचा बापूससुद्धा प्यायचा. तेही चालत असेल तर घाल."

क्षमाने हसू दाबलं. "चालतं. पण आधी ह्यांचं लिव्हर तपासू. गोळी चालू केल्यावर दीड-दोन महिन्यांनी कळेल. खात्री नाही देत मी."

"खात्री कोण मागतंय? नाही लागली तर दुसरी देशील. मी आहे."

परतीच्या बसमध्ये शेजारची पल्लवी भेटली. तिने सुनेला कोपराने ढोसलं, "कुठे गेलेली गो सगळी?"

सुविधाने सासूकडे पाहिलं. गौरेश खिडकीत तोंड घालून बसला.

"म्हापशाला," गंगाबाई म्हणाल्या, मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. "ह्याच्या जुगारावर गोळी घ्यायला. ह्याचा बापूस दारुडा होता ना, म्हणून ह्याला गुण यायची आशा जास्त, असं दोतोरीण म्हणाली. सगळ्यांचं नशीब असलं नसतं."

गौरेशने खिडकीतलं तोंड वळवलं आणि आईकडे बघितलं.

"बघतोस काय? ताठ बस."

तो ताठ बसला.