पोटातली एकशे बारा गाणी

मित्रांनो, माझ्या पोटात एकशे बारा गाणी आहेत आणि त्यांतलं एकही मला वाजवता येत नाही. मी एक जुना लॅपटॉप आहे. माझं एक बिजागर ढिलं झालं आहे, एक कळ निखळली आहे. गाणी मात्र जशीच्या तशी शाबूत आहेत. मग घोडं कुठे अडलं, तेच सांगतो.

एका लांबलचक कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर माझा जन्म झाला. तिथून मी आलो एका निवृत्त पोस्टमनच्या घरी. घरात सगळे त्यांना बाबा आणि त्यांच्या पत्नीला आई म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. एका बोटाने टकटक करत ते मला चालवायला शिकले. गाणी फुकट उतरवून घेता येतात, सगळे तेच करतात, असं शेजाऱ्याने त्यांना सांगून पाहिलं. पण ज्यांनी उभ्या आयुष्यात दुसऱ्याच्या पत्राचं पाकीट उजेडाला धरूनसुद्धा पाहिलं नाही, ते कसले ऐकतात! त्यांनी इंटरनेटवरच्या एका दुकानातून एकेक गाणं रीतसर विकत घेतलं आणि पावत्या छापून फाइलला लावल्या. शेजारी पोट धरून हसला.

प्रत्येक गाण्याबरोबर एक न दिसणारा परवानाही यायचा. हे गाणं याच यंत्रावर वाजेल, असं त्यात लिहिलेलं असे. मला त्याचा कोण अभिमान! खिडकीजवळच्या टेबलावर मी ऐटीत बसायचो आणि बाबांनी सांगितलं की गायचो.

मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. जीव वाचला, पण डावा पाय रुसून बसला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी ठेक्यावर पावलं टाकायला सांगितलं. बाबांनी मेंडोलिनवरची एक संथ धून निवडली. पलंगापासून माझ्यापर्यंत बारा पावलं. ती धून दिवसातून वीस वेळा वाजायची. आईंचे कान किटले, पण बाबांचा पाय उचलू लागला. त्यांनी मनाशी एकच ठरवलं होतं. फाटकावरच्या पत्रपेटीपर्यंत कुणाचाही हात न धरता जायचं. जन्मभर इतरांच्या पेट्यांत पत्रं टाकली, आता आपल्या पेटीतलं पत्र आपण काढायचं.

त्याच सुमारास माझी डिस्क घरघर करू लागली. मी बंद पडलो तर बाबांचं कसं होणार, या काळजीने त्यांच्या लेकीने मला दुरुस्तीला नेलं. कारागिराने नवी डिस्क बसवली आणि गाणी एकूण एक तिच्यावर उतरवली. घरी आल्यावर बाबांनी हौसेने कळ दाबली. तर माझ्या पडद्यावर अक्षरं उमटली की परवाना सापडत नाही, दुकानाशी संपर्क साधा. परवाना जुन्या डिस्कशी बांधलेला होता आणि दुकान कधीच बंद झालं होतं. ज्यांनी मला रोज मऊ फडक्याने पुसलं, त्यांनाच मला नाही म्हणावं लागलं. मित्रांनो, मला फार लाज वाटली.

ती धून नव्या दुकानांत मिळेना. कुठून तरी चोरून उतरवता येईल, असं लेक चाचरत म्हणाली.

"माझंच गाणं मी चोरून आणू?" बाबा म्हणाले.

त्यांनी ते दुकान चालवणाऱ्या कंपनीला पत्र लिहिलं आणि सोबत पावतीची नक्कल जोडली. माझ्यावर ते मुळीच रागावले नाहीत. हा बिचारा हुकमाचा ताबेदार, एवढंच म्हणाले. पण चालणं सुटलं. आठवडाभर ते पलंगावर बसून होते. पाय पुन्हा आखडत चालला होता, आणि बाईंनी तपासून मान हलवली.

एका सकाळी आई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. घालता घालता त्या नकळत गुणगुणू लागल्या. तीच धून, कान किटवणारी! पलंगावरून खाली सोडलेला बाबांचा डावा पाय हलला. ते काठी न घेताच उठले. आईंनी पाहिलं आणि त्या घडी हातातच धरून गुणगुणत राहिल्या. मीही आतल्या आत मोजत होतो. बारा पावलं झाली.

त्यानंतर रोज आई गुणगुणायच्या आणि बाबा चालायचे. महिनाभराने ते दार ओलांडून अंगणात उतरले. आई दारातच थांबल्या. फाटकापर्यंतची बेचाळीस पावलं मी खिडकीतून पाहिली. बाबांनी पेटी उघडली. आत एकच पाकीट होतं, त्या कंपनीचं. त्यांनी ते तिथेच उभ्याने फोडून वाचलं.

"काय लिहिलंय?" आईंनी विचारलं.

"ही धून आता आपल्याला वाजवता येणार नाही म्हणतात."

"मग आता?"

"तू म्हण. फक्त दुसऱ्या वळणावर दर वेळी चुकतेस, तेवढं सांभाळ," बाबा म्हणाले आणि परतीचं पहिलं पाऊल उचलून थांबले.

आई हसल्या आणि पुन्हा गुणगुणू लागल्या. दुसऱ्या वळणावर चुकल्याच.

मित्रांनो, मी आता फक्त टेबलावर असतो. बाबा अजूनही मला पुसतात. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी माझ्यासारखी यंत्रं घडवेल, त्यांना कुलपं लावेल. खुशाल लावा. पण ज्याने ती वस्तू रीतसर घेतली, त्याच्या हाती एक किल्ली ठेवा, आणि दुकान बंद करून जाताना ती बरोबर नेऊ नका. आम्हांला दुखतं हो, आपल्याच माणसाला नाही म्हणताना.