धावल्याबद्दल बाद

बदक गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांनी छापलं की एक महान धावपटू हरपला. बातमी खरी होती. फक्त बदक धावपटू नव्हते.

ते चालायचे. चालण्याची शर्यत नावाचा एक खेळ आहे. त्यात एक पाय सतत जमिनीला टेकलेला असावा लागतो. दोन्ही पाय एकदम हवेत दिसले, की पंच लाल पाटी दाखवतो आणि माणूस बाद. त्यामुळे हे खेळाडू कमरेतून असे काही हलत जातात, की बघणाऱ्याला वाटावं, गृहस्थांना घाईची लागलीय पण चारचौघांत पळायला लाज वाटतेय. 'बदक' हे नाव त्यातूनच पडलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. उलट दारावर लावून टाकलं.

धावणं त्यांच्या तत्त्वात बसत नसे. दूध उतू गेलं तरी ते चालतच स्वयंपाकघरात जात. बस सुटली तर सुटली. एकदा शेजाऱ्यांच्या पडद्याला आग लागली, तेव्हा बदक भरलेली बादली घेऊन चालत गेले आणि धावत निघालेल्या सगळ्यांच्या आधी पोचले. शेजारी ही गोष्ट अजून कौतुकाने सांगतात. म्हणतात, "बदक अगदी धावत आले हो!"

शोकसभेत क्रीडा संघटनेचे सचिव म्हणाले, "एवढं यश मिळवूनही त्यांचे पाय कायम जमिनीवर होते." बदकांच्या मुलीला वाटलं, चला, एक तरी वाक्य नियमाला धरून आलं. पुढच्याच वाक्यात सचिवांनी जाहीर केलं, की येत्या रविवारी बदकांच्या स्मरणार्थ भव्य दौड होईल आणि नंतर मैदानाच्या फाटकाशी दगड बसेल. दगडावर कोरायचं ठरलं होतं : 'महान धावपटू'.

मुलगी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. दिवसभर लोकांना 'आता नीट दिसतंय का?' असं विचारून तिला वाटू लागलं होतं, की हा प्रश्न आणखी बऱ्याच जणांना विचारायला हवा. दुसऱ्या दिवशी ती सचिवांच्या कार्यालयात गेली.

"साहेब, बाबा धावपटू नव्हते."

"हाच!" सचिव टेबलावर थाप मारून म्हणाले. "हाच विनय त्यांच्यातही होता."

"विनय नाही हो. खरंच नव्हते. ते चालायचे."

"ताई, चालतात तर सगळेच. मी आत्ता जिन्यावरून चालत आलो. माझा दगड बसवतील का?" स्वतःच्या विनोदावर हसून झाल्यावर ते गंभीर झाले. "आणि आपल्याकडे अधिकृत निकाल आहे. त्यांची शेवटची मोठी शर्यत. मुख्य पंचांनी त्यांना बाद केलं. कशाबद्दल? धावल्याबद्दल. आता पंच म्हणतात धावले, पेपरवाले म्हणतात धावले, एकट्या तुम्ही म्हणता चालले. मी कुणाचं ऐकू?"

"पंच चुकले होते. बाबा आयुष्यभर सांगत होते."

"मग पंचांना सांगू दे की चुकलो. आहेत अजून. सोमवारी कारागीर कोरायला घेणार. तोवर ते काही बोलले तर मजकूर बदलतो. नाहीतर धावपटू. यात वाईट काय आहे म्हणा, लोक पैसे भरून धावपटू होतात."

घरी त्या पंचाचं नाव घेत नसत. त्याला 'लालपाटी' म्हणत. शेवटच्या शर्यतीत बदक सगळ्यांच्या पुढे होते. अखेरच्या टप्प्यात मुख्य पंचाला एकट्याने बाद करायचा अधिकार असतो, आणि मैदानात शिरायच्या वळणावर, पदक नाकासमोर असताना, लालपाटी पाटी उंचावून उभा राहिला. तेव्हापासून घरात लाल बादली आली नाही, लाल चादर आली नाही. रस्त्यावर लाल दिवा लागला, की बदक थांबत, पण तोंड फिरवून.

"त्याच्याकडे जाणार?" आई म्हणाली. "त्या माणसाकडे?"

"मी नाही जाणार. त्यालाच दुकानात बोलावते. फुकट डोळे तपासून देते म्हणून."

आईच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी तरतरी आली. "आंधळा निघाला पाहिजे गं."

मुलीची आशा माफक होती. जुना मोतीबिंदू, लहानपणापासूनचा तिरळेपणा, काहीही चाललं असतं. लालपाटी आला तो काठी हातात धरून, पण काठी न टेकता. खुर्चीत ताठ बसला. तिने समोरचा तक्ता लावला.

त्याने वरची ओळ वाचली, मधल्या वाचल्या, शेवटची वाचली आणि तिच्याखाली बारीक टाइपात छापलेला छापखान्याचा पत्ताही वाचला.

"डाव्या डोळ्याने?" तिने धीर सोडला नाही.

त्याने डाव्या डोळ्याने छापखान्याचा फोन नंबर वाचला.

"तरुणपणी कधी डोळे आले होते? चेंडूबिंडू लागलेला?"

"नाही." तो तिच्याकडे बघत राहिला. "तू बदकची मुलगी. तक्त्याकडे गेलीस तेव्हाच ओळखलं. गुडघा तसाच टाकतेस."

तिने तपासणीचा दिवा बंद केला. "काका, बाबा त्या दिवशी धावले नव्हते. एवढं तुम्ही सचिवांना सांगा. आता कुणाचं काय बिघडणार आहे?"

"धावला."

"तुमची चूक होऊ शकत नाही?"

"होऊ शकते. बऱ्याच वेळा झाली. तेव्हा नव्हती झाली." त्याने काठी हातात घेतली. "माणूस मेला म्हणून त्याचा पाय खाली आणता येत नाही, पोरी."

तिचा संताप झाला. "छान! मग या रविवारी तुम्हीही या. त्यांच्या नावाने दौड आहे. तुमच्यामुळे."

लालपाटी अर्धा उठला होता तो पुन्हा बसला. "दौड? म्हणजे लोक धावणार?"

"हो."

"बदकच्या नावाने? धावणार?"

"गावभर."

"पंच कोण आहे?"

"धावायला पंच कशाला हवा?"

 मघापासून लालपाटीच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काही हललं नव्हतं. आता गाल थरथरायला लागला. "किती वाजता?" त्याने विचारलं.

रविवारी मैदानासमोर हीऽऽ गर्दी. प्रत्येकाच्या अंगात संघटनेचा टी-शर्ट आणि त्यावर उडणारं बदक.

"याचे दोन्ही पाय हवेत आहेत," आई म्हणाली.

"उडतंय ना वहिनी!" सचिव कौतुकाने म्हणाले. "त्यांची स्मृती कशी, उंच भरारी!"

आईने पदर तोंडाला लावला. सचिवांना वाटलं, भरून आलं.

झेंडा दाखवायचा मान मुलीला होता. तिने झेंडा दाखवला आणि सगळं शहर तिच्या वडिलांच्या स्मरणार्थ नियम मोडत तिच्यासमोरून निघून गेलं. ती बघत राहिली. मग झेंडा आईच्या हातात दिला, चपला काढल्या, पिशवीतले बूट घातले आणि मागून निघाली. चालत. लहानपणी बाबांनी शिकवलं होतं तसं : टाच आधी, गुडघा सरळ, कंबर सैल, लाज घरी.

काही वेळातच पुढे कुणी दिसेना. दुकानदार शटर उघडता उघडता थांबून बघत होते. एकाने तिला हाक मारून रिक्षा हवी का विचारलं. सगळं शहर एव्हाना पदकं घेऊन नाश्त्याला बसलं असेल, असं मनाशी म्हणत ती मैदानाच्या वळणाजवळ आली, तर रस्त्याच्या कडेला सगळं शहर उभं. घामाघूम, मान खाली घालून, शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखं.

"काय झालं?" तिने न थांबता विचारलं.

"बाद झालो," एक दणकट तरुण म्हणाला.

"कशाबद्दल?"

"धावलो म्हणे."

वळणावर घडीच्या खुर्चीत लालपाटी बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर ती जुनी पाटी. सर्वांत पुढच्या धावपटूने म्हणे बराच वाद घातला होता. पण लालपाटीने एवढंच विचारलं, "दोन्ही पाय हवेत होते की नव्हते?" त्याला कबूल करावं लागलं. मागचे मग न भांडता बाजूला झाले. इतक्या वयाचा माणूस इतका गंभीर असेल, तर काहीतरी नियम असणारच, असं सगळ्यांना वाटलं.

सचिव घाम पुसत तिच्या बाजूने पळू लागले. त्यांना लगेच लाल पाटी दिसली. ते चालू लागले.

"ताई, तुम्ही तरी पोचा! पाहुणे पदक घेऊन उभे आहेत. एक तरी माणूस पोचायला हवा!"

वळणापासून मैदानाच्या फाटकापर्यंत उतार होता. ती वळली, आणि कडेच्या बाद लोकांमधून कुणीतरी ओरडलं, "बदक!" मग दुसरा ओरडला. मग सगळेच. "बदक! बदक! बदक!" फाटक समोर दिसत होतं. उताराने पाय आपोआप पुढे पडत होते. छातीत काहीतरी भरून आलं, वर उचललं गेलं, आणि क्षणभर तिला खाली काहीच लागलं नाही.

पाटी वर जायच्या आधीच तिला कळलं होतं. ती थांबली. लालपाटी उभा होता, हात सरळ वर.

"धावलीस," तो म्हणाला.

मी धावलो नाही, हे वाक्य तिने आयुष्यभर ऐकलं होतं. जेवताना, बसमध्ये, दवाखान्यातही. ते तिच्या ओठांपर्यंत आलं.

"हो," ती म्हणाली. मग म्हणाली, "बाबाही इथेच?"

"इथेच. असंच लोक ओरडत होते." त्याने पाटी खाली घेतली. "त्यालाही कळलं होतं. आधी माझ्याकडे बघून हसला. भांडण नंतरचं."

सचिव दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले. "झालं! स्मृती दौड, आणि पोचलं कुणीच नाही! पाहुण्यांना काय सांगू? आणि आता ताई, तुमच्यासमोरच सांगतायत की ते धावले. म्हणजे दगडाचं नक्की. धावपटू."

"सचिव," लालपाटी म्हणाला, "ही मंडळी काय तक्रार करतायत?"

"काय करणार? धावायच्या शर्यतीत धावलं म्हणून कुणी बाद करतं का, म्हणतायत."

"बरोबर बोलतात. धावपटूला धावल्याबद्दल कुणी बाद करत नाही. बदकला मी कशाबद्दल बाद केलं?"

"धावल्याबद्दल."

"मग तो कोण होता?"

सचिव विचारात पडले. त्यांचा विचार लांबून येत असल्यासारखा चेहऱ्यावर हळूहळू दिसू लागला. "चालणारा," ते शेवटी म्हणाले.

"कोरा तसं."

झेंडा खांद्यावर टाकून आई येऊन पोचली होती. "'महान' नको," ती म्हणाली. "ते आवडायचं नाही यांना. 'चालायचे' एवढंच लिहा."

"आणि खाली," मुलगी म्हणाली, "एकदा धावले, असंही लिहा."

आईने तिच्याकडे रोखून पाहिलं. मग लालपाटीकडे पाहिलं. "डोळे चांगलेच आहेत वाटतं याचे," ती म्हणाली.

"छापखान्याचा फोन नंबर वाचला, आई."

"हं." तिने झेंडा सचिवांच्या हातात दिला. "लहान अक्षरांत लिहा पण."

मायलेकी थांब्याकडे निघाल्या, तेव्हा बस येऊन उभी होती. लालपाटी आधीच जाऊन चढला होता. दोघी अजून बऱ्याच लांब होत्या. चालकाने आरशात बघितलं आणि गाडी सुरू केली.

"गेली," मुलगी म्हणाली.

"जाऊ दे. मागून दुसरी येईल," आई म्हणाली. या घरातल्या माणसांना बसची पाठ चांगली ओळखीची होती.

तेवढ्यात लालपाटी पायरीवरून खाली उतरला, बसच्या पुढ्यात गेला आणि त्याने पाटी वर केली. चालकाने काचेतून काहीतरी विचारलं. लालपाटीने पाटी आणखी उंच धरली. चालकाने गाडी बंद केली.

दोघी चालत आल्या. लालपाटी त्यांच्या पायांकडे बघत होता. त्या दारापाशी पोचेपर्यंत त्याने पाटी खाली घेतली नाही.

"सावकाश," तो म्हणाला.